कॉमेडी ऑफ एरर्स की मच अडू अबाउट नथिंग, आधी कुठलं वाचायचं?

शेक्सपिअरची कॉमेडी पहिल्यांदाच वाचताय आणि शब्दांचे घोळ, गैरसमज हीच मजा हवी असेल तर मी या दोनांतलंच एक सुचवेन.

एरर्स त्याचं सगळ्यात छोटं नाटक, सगळं एका दिवसात घडतं, आणि त्यावरचा हिंदी सिनेमा 'अंगूर' पाहिला असेल तर मालक-नोकरांच्या जुळ्या जोड्या आधीच ओळखीच्या. इथे घोळ चेहऱ्यांचा, शब्दांची वरून फोडणी. एफिसस शहरात नवा आलेला मालक अँटिफोलस भलत्याच ड्रोमिओला, म्हणजे आपल्या जुळ्या भावाच्या नोकराला, विचारतो, माझे हजार मार्क कुठायत? मार्क म्हणजे पैसे आणि मार्क म्हणजे माराचे वळ पण, तर तो बिचारा सांगतो की तुमचे काही डोक्यावर आहेत, बाईसाहेबांचे काही खांद्यावर, पण दोघांचे मिळून हजार नाही भरत. इंग्रजी थोडं निसटलं तरी अडत नाही कारण कोण कुणाला कोण समजतोय हे आपल्याला माहीत असतं. नोकरांना मार फार पडतो, मला ते नंतर नंतर जड जातं.

मच अडूमध्ये घोळ कानांचा. तेव्हा नथिंग आणि नोटिंग यांचा उच्चार जवळजवळ सारखाच व्हायचा, आणि नोटिंग म्हणजे टिपणं, लक्ष ठेवणं, सगळं नाटक त्यावरच उभं आहे. आणि डॉगबेरी! हा गस्तीवाल्यांचा प्रमुख, मोठे शब्द वापरायची हौस पण प्रत्येक शब्द चुकीचा. लग्नाच्या सकाळी तो गव्हर्नर लिओनॅटोकडे येतो, रात्री पकडलेल्या माणसांची खबर घेऊन, पण मुद्द्यावर येतच नाही. लिओनॅटो वैतागून म्हणतो तुम्ही टीडियस आहात, म्हणजे कंटाळवाणे, आणि याला वाटतं टीडियस म्हणजे श्रीमंती, म्हणून म्हणतो मी राजाएवढा टीडियस असतो तरी सगळं तुम्हालाच दिलं असतं! हसून पोट दुखतं आणि त्याच वेळी जीव तुटतो, कारण तो नीट बोलला असता तर पकडलेल्यांचा कट उघडा पडून त्याच दिवशी भर लग्नात नवरीची, म्हणजे लिओनॅटोच्या हीरो नावाच्या मुलीची, बदनामी झाली नसती.

मच अडू बरंचसं गद्यात आहे, एरर्समध्ये पद्य आणि यमकं जास्त, पण डॉगबेरीसाठी टिपा असलेलीच आवृत्ती घ्या. झटपट, एका बैठकीत संपवायचं असेल तर एरर्स. भाषेवर प्रेम असेल तर बिनधास्त मच अडू घ्या, आणि तिसऱ्या अंकातला पाचवा प्रवेश कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा.