पोर्तुगीज सर्वनामं आणि सहा रंगांच्या पेन्सिली: सात महिन्यांच्या वापरानंतर

पद्धत सोपी: दहा-बारा ओळींचा पोर्तुगीज उतारा घ्यायचा आणि प्रत्येक सर्वनामाखाली त्याच्या प्रकाराच्या रंगाची रेघ ओढायची. ब्राझीलच्या शालेय व्याकरणात प्रकार सहा: पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, दर्शक, अनिश्चित, प्रश्नार्थक, संबंधी. मराठीतही सहाच शिकवतात, आणि पहिली गल्लत तिथंच होते. आपल्या सहांत आत्मवाचक आहे, स्वामित्वदर्शक नाही. 'माझा'ची सोय आपण सार्वनामिक विशेषणात लावतो. तिकडे 'मेउ'ला (माझा) स्वतंत्र रंग, आणि आत्मवाचक 'से' (स्वतःला) पुरुषवाचकांच्या पोटात. पोर्तुगालमधल्या शाळांत आता नामाआधीच्या 'मेउ'ला सर्वनाम म्हणतच नाहीत, 'देतेर्मिनांते' (नामाआधी येऊन ते निश्चित करणारा शब्द) म्हणतात. त्यामुळे पुस्तक कुठल्या देशाचं ते आधी बघा, नाहीतर बरोबर उत्तरही चूक ठरतं.

रंगवायच्या आधी साध्या पेन्सिलीनं सगळी क्रियापदं अधोरेखित करा. ही पायरी गाळली की 'ओ' आणि 'आ' हमखास फसवतात. पुढं नाम असेल तर ते उपपद. क्रियापदाला चिकटून असेल तर सर्वनाम. 'व्हेझो-आ' म्हणजे 'मी तिला पाहतो'. पण 'व्हो आ लिझ्बोआ' (लिस्बनला जातो) यातला 'आ' दोन्ही नाही, ते शब्दयोगी अव्यय. शिवाय हे 'ओ' रूपही बदलतं: 'कोंप्रार'ला (विकत घेणं) लागलं की 'कोंप्रा-लो', अनुनासिक शेवटाच्या 'फिझेराव'ला (त्यांनी केलं) लागलं की 'फिझेराव-नो'. यादी पाठ करणाऱ्याला हे 'लो' आणि 'नो' दिसतच नाहीत.

'के'साठी व्याकरणाची पुस्तकं त्याजागी 'ओ क्वाल' (जो) घालून बघायला सांगतात. मराठी माणसाला त्याहून जवळची वाट आहे: भाषांतर करा. 'जो-जी-जे' आलं तर संबंधी सर्वनाम, 'काय' आलं तर प्रश्नार्थक, 'की' आलं तर उभयान्वयी अव्यय, म्हणजे रंग नाही. 'ओ लिव्रो के कोंप्रेई': जे पुस्तक मी घेतलं. 'आशो के वाय शोव्हेर': मला वाटतं की पाऊस पडणार. 'से'लाही हीच युक्ती: 'जर' आलं की सोडून द्या. तुलनेतल्या 'के'ला मात्र 'पेक्षा' येतं, तेही अव्ययच.

स्वामित्वदर्शकाचा रंग आपल्याला जवळजवळ फुकट मिळतो, कारण 'मेउ-मिन्या' हे 'माझा-माझी'सारखं वस्तूच्या लिंगानुसार बदलतं. अडतं ते 'सेउ'पाशी: त्याचा, तिचा, त्यांचा, शिवाय 'व्होसे' (तुम्ही) म्हणून बोलत असाल तर तुमचाही. प्रकार ओळखता येतो, मालक नाही. दर्शकांत 'एस्ते', 'एसे', 'आकेले' अशा तीन पायऱ्या आहेत, आपल्या हा आणि तो या दोनच. 'एसे' म्हणजे ऐकणाऱ्याजवळचं. ब्राझीलच्या बोलण्यात पहिल्या दोन एकमेकींत मिसळल्यात, म्हणून संवादाच्या उताऱ्यावर हा फरक शोधत बसू नका.

स्केचपेन घेऊ नका. पातळ कागदावर रंग मागं उतरतो आणि खोडता येत नाही. खोडावं तर लागतंच. आणि एक जागा अशी आहे की तिथं खोडरबरही कामाचा नाही: 'व्हिराव-नोस'. 'त्यांनी आम्हाला पाहिलं' आणि 'त्यांनी त्यांना पाहिलं', दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य. रंग एकच, पुरुषवाचकाचा; पुरुष पहिला की तिसरा, हे आधीच्या वाक्यात शोधावं लागतं.