स्कॅनिंगला डीपीआय किती ठेवावा: पावसाळ्यापासून वापरून बघितलेलं

पावसाळ्याच्या तोंडावर ए-फोर साइजचा साधा फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी कोल्हापुरात काढला, ते याचं कारण विचारणार नाहीत. खरेदीखतं, फेरफार, आजोबांच्या तालमीचे फोटो, सगळं एकाच ट्रंकेत होतं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. यूएसबीवर चालणारे या वर्गातले स्कॅनर थोड्याफार फरकाने सारखेच असतात, आणि खरा घोळ रिझोल्यूशनचा, म्हणजे डीपीआयचा असतो: एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा.

आधी खोक्यावरचा आकडा. माझ्या स्कॅनरचं ऑप्टिकल रिझोल्यूशन २४०० आहे, पण सॉफ्टवेअर ९६०० पर्यंत पर्याय दाखवतं. २४०० च्या वरचे ठिपके सेन्सरने बघितलेलेच नसतात, आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाईल फुगते, तपशील आहे तेवढाच. दुकानात ऑप्टिकल आकडा तेवढा विचारा.

कागदपत्रांना ३०० पुरे. ए-फोर पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, रंगीत असेल तर कॉम्प्रेस न करता साधारण २६ एमबी. ६०० केलं की लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट, म्हणजे फाईल चौपट, १०० एमबीच्या पुढे. १५० वर पान स्क्रीनवर वाचता येतं, पण त्यातून ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखून टाइप केलेला मजकूर देणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर काढायला गेलात तर अनुस्वार आणि रफार आधी गळतात. बारीक टाइपाला किंवा पुसट हस्ताक्षराला मी ४०० ठेवतो. आणि स्टॅम्प पेपर निव्वळ ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये कधीच नको. फिकट शिक्का एकतर गायब होतो, नाहीतर त्याचा काळा ठिपका होतो. रंगीतच करा.

खरी मजा फोटोंत. तालमीचा ग्रुप फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला, दहा बाय बारा इंची. काचेवर मावत नाही, म्हणून दोन भागांत स्कॅन करून जोडला. मागच्या रांगेतल्या पैलवानाचा चेहरा जेमतेम ८ मिलिमीटरचा. ३०० ला त्या चेहऱ्याच्या वाट्याला एका दिशेने ९५ च्या आसपास ठिपके येतात, ६०० ला १९०. एवढ्यावर चुलत्यांनी मागच्या रांगेतली दोन माणसं फेट्यावरून नव्हे, नाकावरून ओळखली! १२०० करून बघितलं, तर नवीन काही आलं नाही, फोटोवरची धूळ आणि कागदाचा पोत तेवढा मोठा झाला.

पासपोर्ट फोटोचं गणित उलटं. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो तसबिरीसाठी ए-फोर करायचा, म्हणजे जवळपास सहा पट. ३०० ला स्कॅन केला तर ४१३ बाय ५३१ पिक्सेल मिळतात, भिंतीवर चेहरा पसरट दिसतो. १२०० ला साधारण १६५० बाय २१२५ येतात, आणि प्रिंट चांगली निघते. थोडक्यात, छापायचं किती मोठं ते आधी ठरवा, आकडा त्यावरून काढा.

दाणेदार सिल्क पेपरवरच्या जुन्या रंगीत फोटोंनी मात्र जेरीस आणलं. डीपीआय वाढवला की मधाच्या पोळ्यासारखी जाळी ठळक होते. असले फोटो ३०० वर थांबवावेत. कुस्तीच्या बातम्यांची कात्रणं हे वेगळं दुखणं. छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकून पट्टे उमटतात. ६०० ला स्कॅन करून, सॉफ्टवेअरमधलं डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसट करणारा पर्याय) चालू ठेवून मग चित्राचा आकार निम्मा केला की बरंच निवळतं.

जपून ठेवायची प्रत टिफमध्ये (तपशील न गाळणारा फाईलचा प्रकार), नातेवाइकांना जेपेग. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकला की तो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढी मेहनत पाण्यात.

निगेटिव्ह या मशीनवर होत नाहीत, त्यांना मागून प्रकाश लागतो. शिवाय यातला सीआयएस सेन्सर काचेला टेकलेली वस्तूच स्पष्ट बघतो. दमटपणाने फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला फोटो, किंवा जाड खतावणीची शिवणीजवळची बाजू धूसर येते, मग डीपीआय काहीही ठेवा. तुमच्या ट्रंकेत असलाच माल जास्त असेल, तर जास्त पैसे घालून सीसीडी सेन्सरचा (काचेपासून थोडं लांबचंही स्पष्ट बघणारा) स्कॅनर घ्या.