लॅमिंग्टनच्या वर्षावनात तंबू कोठे ठोकावा: ग्रीन माउंटन्स की बिना बरा?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांच्या सीमेवरील डोंगररांगेत लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान आहे. १९१५ मध्ये राखीव झालेले हे उपोष्ण वर्षावन आज गोंडवाना (एक प्राचीन महाखंड) वर्षावनांच्या जागतिक वारशात मोडते. ग्रीन माउंटन्स आणि बिना बरा या तेथील दोन मुक्कामांना २१.४ किलोमीटरची बॉर्डर ट्रॅक ही पायवाट डोंगरमाथ्यावरून जोडते. गाडीने मात्र खाली उतरून मोठा वळसा घालावा लागतो. म्हणून दोनच रात्री हाती असतील, तर एकच जागा निवडावी.

लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर ग्रीन माउंटन्स बरे. कनुंग्रा गावाहून वर जाणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, पण पोहोचल्यावर झाडांच्या शेंड्यांजवळून नेणारे झुलते पूल जवळच आहेत आणि मोरान धबधबा जाऊन-येऊन साडेचार किलोमीटरच्या आत होतो. काळ्या-सोनेरी पिसांचा रीजंट बोवरबर्ड तेथे माणसाला फारसा बुजत नाही.

ज्याला खरोखर चालायचे आहे, त्याने मात्र बिना बरा निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डेव्हज क्रीकच्या १२ किलोमीटरच्या फेरीत दाट वर्षावन, निलगिरीचे रान आणि वाऱ्यावरची खुरटी झुडपे असे तीन प्रकार एकाच दिवसात पाहायला मिळतात. आणि तुलावलाल येथे तर अंटार्क्टिक बीच या वृक्षाची शेवाळाने मढलेली, एकाच बुंध्याभोवती अनेक खोडे फुटलेली झाडे थोड्याच चालीत गाठता येतात. गोंडवाना भूखंडाच्या काळापासून चालत आलेल्या या कुळापुढे धुक्यात उभे राहण्यासाठी मी पुन्हा तेथेच जाईन. १९३३ पासूनचे तेथील जुने विश्रामगृह सप्टेंबर २०१९ च्या वणव्यात जळाले, ही हळहळ मात्र राहते.

सह्याद्रीतल्या गडांची खडी चढण पायाखाली घातलेल्यांना दोन्हीकडच्या वाटा सौम्य वाटतील, कारण त्या मुद्दाम कमी उताराने, नागमोडी आखल्या आहेत. खरी काळजी वेगळीच आहे. डिसेंबर ते मार्च पाऊस आणि जळवा जास्त असतात, तेव्हा जुलै ते सप्टेंबरचे कोरडे दिवस धरावेत. रात्री थंडी पडते, म्हणून उबदार अंथरूण-पांघरूण न्यावे. रुंद, हृदयाकृती पानांच्या ‘स्टिंगिंग ट्री’ला हात लावू नये; आपल्या खाजकुइलीची खाज काही वेळाने जाते, याची वेदना मात्र कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा उठू शकते. जंगलात शेकोटीला मनाई असल्याने गॅसची शेगडी जवळ हवी, तंबूची जागा आधी आरक्षित करावी आणि वादळानंतर वाटा बंद असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या सूचना पाहाव्यात.