मासे पकडायचा ॲक्रिलिक सापळा: डबा उत्तम, दरवाजा कुचकामी

महिनोन्‌महिने वापरल्यावर या सापळ्याबद्दल माझी तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. दरवाजा वेळेत पडत नाही.

समुद्री टँकमध्ये डोमिनो डॅमसेल माजला की नव्या माशाला जगू देत नाही, हे मासे ठेवणाऱ्यांना सांगायला नको. स्वस्त आणि चिवट म्हणून टँक सुरू करतानाच हा मासा दुकानदार गळ्यात मारतात. मग लाइव्ह रॉकच्या (टँकमध्ये रचलेल्या सजीव समुद्री दगडांच्या) कपारीतून तो जाळीने काही निघत नाही, आणि सापळा घ्यावा लागतो.

आता दरवाजाचं गणित बघा की. १० बाय १० सेंटीमीटरची ३ मिलिमीटर जाड ॲक्रिलिक पट्टी हातात ३५ ग्रॅम भरते. खाऱ्या पाण्यात तिचं वजन उरतं जेमतेम ४-५ ग्रॅम, कारण ॲक्रिलिक पाण्यापेक्षा थोडंच जड. दरवाजा वर धरणारा तंगूस (नायलॉनचा दोरा) सोडला की पट्टी डुलत डुलत खाली येते, तेवढ्यात डॅमसेल बाहेर. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, मासा उपाशी ठेवा. उपाशी माशाने दरवाजा जड होतो का?

उपाय शहापुरातल्या कुठल्याही काचवाल्याकडे मिळतो. त्याच मापाची ३ मिलिमीटर काच कापून घ्यायची आणि कडा घासून घ्यायच्या. ही काच पाण्यातही ४४ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे जवळपास दहापट, आणि धपकन खाली बसते. लोखंड, शिसं, तांबं मात्र चिकटवू नका. लोखंड गंजतं, आणि तांबं कोरल-कोळंब्यांना मारतं. काच बसवेपर्यंत हा सापळा परत पाठवावा असंच वाटत होतं. आता दुसऱ्यांनाही घ्या म्हणून सांगतो, पण त्या किमतीत काच कंपनीनेच द्यायला हवी होती.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. सापळा टँकमध्येच पडून राहिला तर दरवाजा सरकतो त्या खाचेत जांभळं चुनकट शेवाळ बसतं आणि काचेचा दरवाजाही अर्ध्यावर अडकतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने खाच घासा आणि गोड्या पाण्याने धुवा.

सापळा पंपाच्या झोतापासून लांब ठेवायचा, नाहीतर प्रवाह दरवाजा खाचेवर दाबून धरतो. जागा दांडगट माशाच्या कपारीजवळची, वाळू सपाट केलेली. दरवाजा उघडा बांधून आठवडाभर खाणं फक्त आतच द्यायचं: मिसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, बारीक तुकडा, नळीने थेट तळाला. बहुतेक वेळा धीट मासाच आधी आत शिरतो. क्लाउनफिशसारखा दुसराच मासा शिरला तर तंगूस सोडायचा मोह आवरा. चुकीच्या माशावर दरवाजा पडला आणि डॅमसेलने ते पाहिलं, की तो कित्येक दिवस तिकडे फिरकत नाही. तंगूस दोन मीटर लांब नेऊन बसा, हात दिसला की तो पळतो.

अडकला की डबा सरळ वर उचलू नका, भोकांतून पाणी गळतं आणि मासा तडफडतो. पाण्याखालीच पिशवी लावून त्यात सोडा. क्लाउन आणि एंजलफिशच्या कल्ल्याजवळचे काटे जाळीत गुंततात, म्हणून अशा माशाला जाळीऐवजी प्लास्टिकचा डबाच बरा.

ट्रिगरफिशसाठी हा सापळा घेऊ नका. तो घाबरला की पाठीचा काटा कपारीत रोवून बसतो. त्याच्यासाठी रात्री दिवे बंद करून तो दगडच बादलीवर उचलून धरायचा. तेही जमलं नाही तर पाणी स्वच्छ पिंपात काढून एक तृतीयांशावर आणायचं. त्याआधी हीटर आणि पंप बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. तेच पाणी परत ओतायचं, म्हणून महागडं मीठ वाया जात नाही.

काढलेला मासा गोव्याच्या समुद्रात सोडू नका, टँकमधले रोग तिकडे जातात. कोल्हापूर-गोव्यातल्या मोठ्या टँकवाल्याला द्या. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा आणि बाहेरून थर्माकोलचा डबा, एवढ्यावर दोन-तीन तासांचा प्रवास निभतो. डॅमसेल दोन असतील तर दोघांनाही काढा. एक गेला की दुसरा लगेच त्याची जागा घेतो.