पट्टा मिळाला, हुक अडकवायचा कुठे? बांधकाम कामगारांच्या सुरक्षा संचाचे परीक्षण

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच देते. हार्नेस बेल्ट (उंचीवरून पडताना धरून ठेवणारा अंगपट्टा), हेल्मेट, सेफ्टी बूट, चमकणारे जॅकेट, हातमोजे, गॉगल, कानातले प्लग, मास्क, शिवाय मच्छरदाणी, डबा, पाण्याची बाटली, सौर टॉर्च असा त्याचा ऐवज. पैसा येतो बांधकामातूनच. 1996 च्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर लावला होता, तो मंडळाकडे जमा होतो आणि जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. म्हणजे 100 कोटी खर्चाच्या टॉवरमागे 1 कोटी. विकासकाने भरायचे, सरकारने वाटायचे, अशी ही रचना आहे.

आधी निकाल सांगतो. नाक्यावर उभा राहून रोज नव्या मुकादमाकडे जाणाऱ्या कामगारासाठी हा संच जरूर घ्यावा असा आहे, कारण त्याला हेल्मेटसुद्धा कोणी देत नाही. उंचीवर काम करणाऱ्यासाठी मात्र ही अर्धीच व्यवस्था आहे. उरलेली अर्धी साइटवर असावी लागते आणि ती पेटीत घालून देता येत नाही.

हार्नेसपासून सुरुवात करू, कारण जीव त्यावर टांगलेला असतो. हातात आला की शिवलेल्या पट्टीवर आयएस 3521 हा भारतीय मानकाचा क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि अनुक्रमांक आहे का ते पाहा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर पडण्यापासून बचावासाठी तो वापरू नका. झटका कमरेवर आला की मणका आणि पोट दोन्हींना इजा होते. पूर्ण अंगाच्या हार्नेसमध्ये दोरी पाठीवरच्या डी-रिंगला, म्हणजे डी आकाराच्या कडीला लागते. मांडीचे पट्टे इतके आवळावेत की सपाट तळहात आत जाईल, पण मूठ जाणार नाही. उकाड्यात ते सैल सोडले जातात, आणि सैल हार्नेसमधून माणूस निसटतो तो तिथूनच.

दुसरी बाब हुकाची. परांचीच्या लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास 48.3 मिमी असतो. छोट्या कॅराबिनरचे, म्हणजे झडपेच्या कडीसारख्या हुकाचे तोंड साधारण 18 ते 20 मिमीच उघडते, तो पाइपवर बसतच नाही. मग कामगार दोरी पाइपभोवती गुंडाळून हुक त्याच दोरीत अडकवतो. अशा वेळी हुकावर आडवा भार येतो, दोरी पाइपच्या कडेवर घासते आणि ठरलेली ताकद उरत नाही. पाइपवर काम असेल तर 50 मिमीहून मोठ्या तोंडाचा स्कॅफोल्ड हुकच हवा, आणि दोरी दुहेरी हवी. एकेरी दोरीवर दर आडव्या पाइपपाशी हुक काढून पुढे लावावा लागतो आणि तेवढा वेळ माणूस मोकळा असतो. दुहेरीत एक हुक पुढे लावून मगच दुसरा काढायचा असतो. संचातली दोरी एकेरी असेल तर परांचीवर चढणाऱ्याला दुहेरी दोरी ठेकेदाराने द्यावी. संच सरकारने दिला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. 1996 च्याच बांधकाम कामगार कायद्याच्या कलम 44 ने देखरेख आणि अपघात टाळण्याचे उपाय मालकावरच टाकले होते.

आता पडणाऱ्याला खाली किती मोकळी जागा लागते याचा हिशेब, जो साइटवर क्वचितच मांडला जातो. दोरी 2 मीटर. झटका शोषणारे पाकीट, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, उसवत जाते त्याचे 1.75 मीटरपर्यंत. डी-रिंगपासून पायापर्यंत 1.5 मीटर. खाली राखीव 1 मीटर. बेरीज 6.25 मीटर, हुक जिथे अडकवला त्या जागेपासून खाली. आपल्याकडे निवासी मजला साधारण 3 मीटरचा. शटरिंगच्या डेकवर पायाशीच हुक लावून काम करणारा आतल्या बाजूला पडला, तर पाकीट पूर्ण उसवण्याआधीच तो खालच्या स्लॅबवर आदळतो. पट्टा होता, हुक लावलेला होता, तरी माणूस गेला, असे ऐकू येते ते यामुळेच. म्हणून हुक डोक्याच्या वर हवा. वर जागा नसेल तर आखूड दोरी किंवा दोरी आपोआप गुंडाळून घेणारा ब्लॉक, आणि या दोन्हींआधी कडेला कठडा.

हुक अडकवायच्या जागेला साइटवर अँकर म्हणतात, आणि या संचाची खरी उणीव तीच आहे. बांबूची परांची, पाण्याचा पाइप, विजेच्या तारांची नळी (कंड्युट), बीमच्या रिंगा, यांपैकी काहीही अँकर नव्हे. भरलेल्या कॉलमभोवती घेतलेली वायर रोपची स्लिंग चालते, मात्र कोपऱ्यावर जाड आवरण घालून. सगळ्यात चांगले म्हणजे काँक्रीट भरण्याआधीच इंजिनिअरने ठरवलेल्या जागी अँकर पुरून ठेवणे. हे शटरिंगच्या ड्रॉइंगमध्ये आले तरच होते, नंतर कोणी करत नाही. लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवून सरकता येईल असा आडवा दोर, ओढायची असेल तर 12 मिमी वायर रोपच्या प्रत्येक टोकाला किमान तीन क्लिप, दोन क्लिपांत सुमारे 75 मिमी अंतर. क्लिपचा यू आखूड टोकावर आणि खाचांचा सपाट भाग भाराच्या दोरावर. उलटे बसवले तर यू भाराचा दोरच चिरडतो. लाइफलाइन जितकी ताणलेली, तितकी झटक्यात टोकांवरची ओढ जास्त, म्हणून एका दोरावर किती माणसे हे इंजिनिअरनेच लिहून द्यावे.

इमारतीभोवतीच्या हिरव्या कापडाबद्दलही सांगायला हवे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने धुळीसाठी बांधकामे झाकायची सक्ती केली, ते योग्यच होते. पण ते कापड माणूस झेलत नाही. माणूस झेलणारी जाळी वेगळी, तिच्यावर आयएस 11057 लिहिलेले असते आणि तिच्यात पडलेले सळईचे तुकडे, फळ्या नियमित काढाव्या लागतात. कापडाच्या आडोशाने कड दिसेनाशी होते आणि वाऱ्यापावसात कामगार त्यालाच टेकतात, ही भीती खरी आहे.

पडून हार्नेसवर लटकलेल्या माणसाचे पायांतले रक्त वर चढत नाही, काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दल ट्रॅफिकमधून येईपर्यंत थांबणे परवडत नाही. उतरवायची शिडी किंवा पाळणा आणि तो वापरता येणारी दोन माणसे प्रत्येक पाळीत साइटवरच हवीत. एकदा झटका खाल्लेला हार्नेस कापून टाका, तो पुन्हा कुणाला देऊ नका.

बूट. पुढे पोलादी टोपी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. शटरिंग खोलताना दुखापत होते ती तळव्यातून घुसलेल्या खिळ्याने, त्यामुळे तळात खिळारोधक पट्टी आहे का ते आयएस 15298 च्या खुणेसोबत तपासा. पीयू (पॉलीयुरेथेन) तळाचे बूट पेटीत जपून ठेवले तर मुंबईच्या दमट हवेत तळ भुसभुशीत होतो आणि पहिल्याच पावसात सुटून येतो. मिळाले की घालायला लागावे. स्लॅब भरताना हे बूट उपयोगाचे नाहीत. ओले सिमेंट आत शिरून कातडी जाळते, तिथे गमबूटच हवा.

हेल्मेट आयएस 2925 चे असावे, हनुवटीचा पट्टा लावावा, हवेसाठी भोके पाडू नयेत, जोराचा मार बसला की बदलावे. जॅकेट, गॉगल, प्लग ठीक. मात्र टाइल कापणाऱ्याला साधा कापडी मास्क पुरत नाही, सिलिकाच्या धुळीसाठी बारीक धूळ गाळणारा एफएफपी2 दर्जाचा मास्क आणि कटरवर पाणी दोन्ही लागते. गवंडी, फिटर, वेल्डर, रंगारी, सगळ्यांना एकच संच ही योजनेची ढोबळ बाजू आहे. कामाप्रमाणे दोन-तीन प्रकार केले तर त्याच पैशात जास्त जीव वाचतील.

वाटपाची पद्धतही बदलावी. केंद्रावर रांगेत पेटी हातात देण्याऐवजी मोठ्या साइटवरच वाटप करावे, विकासकाने तिथे अँकर दाखवावा आणि प्रत्येकाला हार्नेस घालून निदान एकदा जमिनीपासून वीतभर उचलून पट्टे तपासावेत. शीवची केंद्रीय श्रम संस्था आणि नवी मुंबईतली राष्ट्रीय सुरक्षा परिषद प्रशिक्षणाचेच काम करतात. 4 मार्चपासूनचा सुरक्षा सप्ताह फलक लावण्यापेक्षा यासाठी वापरता येईल.

संच मिळायला नोंदणी लागते: वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामाचे काम. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे आणि नोंदवलेला मोबाइल नंबर बदलू नये, नाहीतर पुढचे निरोप पोचत नाहीत. घोडे अडते ते 90 दिवसांच्या प्रमाणपत्रावर. तीन महिन्यांत चार ठेकेदार बदललेल्या माणसाला कोणीच सही देत नाही आणि तो दलालाकडे जातो. ठेकेदाराकडे हजेरीचे रजिस्टर असतेच. दर महिनाअखेरीस त्यातले दिवस मोजून सही-शिक्क्याचा कागद कामगाराच्या हाती द्यावा, त्याला एका तासाहून जास्त वेळ लागत नाही.