कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा ‘सर्टिफाइड’ वकील : पैसे कसे बुडतात

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत घटस्फोटाची वेळ आली की वकील बहुधा ओळखीतूनच शोधतात. व्हॉट्सॲपवर कुणीतरी नंबर देतं. पलीकडचा माणूस हिंदी-मराठीत आपुलकीनं बोलतो, ‘मी फॅमिली लॉचा सर्टिफाइड स्पेशालिस्ट’ असं सांगतो, निकाल बाजूने लागण्याची हमी देतो आणि पहिल्याच फोनवर काही हजार डॉलर झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) मागतो. एच-४ व्हिसावरची (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेली), स्वतःची कमाई नसलेली बाई माहेरून पैसे मागवून भरते. मग फोन उचलणं बंद होतं.

हे बिरूद तिथं कुणालाही लावता येत नाही. स्टेट बार, म्हणजे राज्यातल्या वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, तिच्याकडून किंवा तिने मान्य केलेल्या संस्थेकडूनच ते मिळतं. त्यासाठी लेखी परीक्षा असते, आधीच्या पाच वर्षांत कामाचा किमान पाव वेळ याच विषयाला दिलेला असावा लागतो, ४५ तासांचं खास शिक्षण लागतं, शिवाय इतर वकिलांचे आणि न्यायाधीशांचे अभिप्रायही घेतले जातात. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव जाहिरातीत लिहिणं वकिलावर बंधनकारक आहे. ते नसेल तर तिथंच शंका घ्या. भिंतीवरच्या ‘टॉप १०’च्या फलकांचा या प्रमाणपत्राशी काहीही संबंध नाही.

स्टेट बारच्या संकेतस्थळावर नाव किंवा बार नंबर टाकला की परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का आणि स्पेशालिस्ट म्हणून नोंद आहे का, हे फुकट दिसतं. पण तेवढ्यावर थांबू नका. खऱ्या वकिलाचं नाव आणि नंबर वापरून तोतये पैसे उकळतात, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबरावर नव्हे, बारच्या नोंदीत दिलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. दुसरी चलाखी यापेक्षा सभ्य दिसते. प्रमाणपत्र व्यक्तीला असतं, फर्मला नसतं. जाहिरातीत ज्येष्ठ वकिलाचा फोटो असतो आणि फाइल हाताळतो नवखा असोसिएट. कोर्टात कोण उभं राहणार आणि त्याचा ताशी दर किती, हे करारात नावानिशी लिहून घ्या.

खर्च हजार डॉलरच्या वर जाणार असेल तर लेखी करार कायद्यानेच लागतो. पुढच्या कामासाठी आगाऊ घेतलेली रक्कम वकिलाने क्लायंट ट्रस्ट अकाउंटमध्ये, म्हणजे अशिलाचे पैसे वेगळे ठेवायच्या खात्यात, ठेवायची असते. काम होईल तसे त्यातून पैसे काढायचे आणि उरलेले परत करायचे. त्यामुळे वैयक्तिक खात्यावर झेल मागणारा माणूस पहिल्याच पायरीवर नियम मोडत असतो. ‘नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का मारल्याने न केलेल्या कामाचे पैसे त्याचे होत नाहीत. बिलाचा हिशेब किती मिनिटांच्या टप्प्याने, हेही विचारा. ताशी ५०० डॉलर दर असेल तर एका ओळीच्या ईमेलचे सहा मिनिटांच्या टप्प्याने ५० डॉलर होतात, पंधरा मिनिटांच्या टप्प्याने १२५.

पैशापेक्षा मोठं नुकसान मुदतीचं होतं. नवऱ्याने केलेल्या अर्जाचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत उत्तर दाखल व्हायला हवं. ते झालं नाही तर एकतर्फी निकालाची वाट मोकळी होते. वकील ‘फाइल केलंय’ म्हणाला तर कोर्टाचा शिक्का असलेली प्रत मागा आणि केस नंबर घेऊन काउंटी (जिल्हा) कोर्टाच्या क्लार्ककडे खात्री करा. ‘मुलांना घेऊन आधी भारतात जा, मग बघू’ हा सल्ला तर घातकच. समन्सवरच आदेश छापलेला असतो की दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलांना राज्याबाहेर नेता येणार नाही.

लग्न भारतात झालं असेल तर कॅलिफोर्नियातल्या एकतर्फी हुकूमनाम्याला भारतात मान्यता मिळेलच असं नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ‘वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी’ प्रकरणात त्याच्या अटी घालून दिल्या. हा प्रश्न कानावर घातल्यावर जो वकील गोंधळतो, तो या केससाठी नव्हे.

हाती पैसे नाहीत म्हणून स्वस्तातल्या माणसाकडे जाण्याआधी हे ऐका : कॅलिफोर्नियाच्या कौटुंबिक कायद्याच्या (फॅमिली कोड) कलम २०३० खाली, दोघांच्या ऐपतीत तफावत असेल तर तुमच्या वकिलाची फी जोडीदाराने भरावी असा आदेश कोर्टाकडे मागता येतो. चांगला वकील हे स्वतःहून सांगतो.

फसवणूक झालीच असेल तर आधी मुदत वाचवा. काउंटी कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरमध्ये उत्तराचा फॉर्म एफएल-१२० भरायला फुकट मदत मिळते. मग वकिलाला लेखी कळवून फाइल आणि उरलेले पैसे मागा. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही. फीचा वाद असेल तर लवाद मागा. तुम्ही मागितलात की वकिलाला त्यात यावंच लागतं. वकिलाने पैसे लाटले असतील तर बारच्या क्लायंट सिक्युरिटी फंडाकडे चार वर्षांच्या आत अर्ज करा. भरपाईची मर्यादा एक लाख डॉलर आहे. तोतया वकील निघाला तर मात्र या फंडाचा उपयोग नाही. तेव्हा बँकेला त्याच दिवशी कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि बारकडे विनापरवाना वकिलीची वेगळी तक्रार करा.