पीसीएलचे दाणे : हाडाच्या स्कॅफोल्डसाठी गावाकडच्या लॅबला परवडणारा माल

वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात हाडासाठी विघटनशील स्कॅफोल्ड (पेशींना वाढायला आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) करायचा, तर पीएलजीए (पॉलीलॅक्टिक-को-ग्लायकोलिक अ‍ॅसिड) घ्यायचं की पीसीएल (पॉलीकॅप्रोलॅक्टोन) हे पॉलिमर, हे आधी फ्रीजच ठरवतो. पीएलजीए थंड आणि कोरडंच ठेवावं लागतं. लाइट वारंवार जात असेल, किंवा थंडगार बाटली घाईने उघडली आणि आत दव धरलं, तर पॉलिमर वापरण्याआधीच तुटू लागतं. पीसीएलचे दाणे (रेणुभार 80,000) घट्ट झाकणाच्या डब्यात, साध्या कपाटात नीट राहतात. फक्त ते 60 अंशांना वितळतात. मे महिन्यात पार्सल उन्हातल्या बंद गाडीत राहिलं तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, म्हणून माल हिवाळ्यातच मागवा.

1 ग्रॅम दाणे 10 मिली क्लोरोफॉर्ममध्ये काही तास ढवळले की विरघळतात. त्यात 250 ते 425 मायक्रॉनच्या दोन चाळण्यांमधलं 9 ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ, घाला; नंतर ते पाण्यात विरघळून गेलं की त्याच्या जागी छिद्रं उरतात. घरचं मीठ नको, मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेली पूड पाण्यात विरघळत नाही. पावसाळ्यात मिठाच्या गुठळ्या होतात, ते 110 अंशांवर वाळवून पुन्हा चाळा. हिशेबाने 82-83 टक्के पोकळी मिळते. मीठ तळाशी बसतं, म्हणून घट्ट पिठल्यासारखं होईपर्यंत ढवळा, मगच साच्यात भरा. साचा काचेचा किंवा टेफ्लॉनचा हवा. प्लॅस्टिकची नेहमीची पेट्री डिश क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते. हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफ ओढून बाहेर टाकणारं कपाट). क्लोरोफॉर्मची वाफ हवेपेक्षा जड असते, नुसती खिडकी उघडून भागत नाही.

बहुतेक नमुने वाळवतानाच बिघडतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलं की वर साय धरते, छिद्रं बंद होतात आणि मीठ आत अडकतं. भोकं पाडलेल्या फॉइलने झाकून सावकाश सुकू द्या. मग 48 तास डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, दर 6-8 तासांनी पाणी बदला. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर दुधी रंग आला तर मीठ अजून शिल्लक आहे. बोअरच्या पाण्यात मुळातच क्लोराइड असतं, त्यावर ही तपासणी फसते. वाळल्यावर वजन 1 ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे.

निर्जंतुकीकरणाला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेचं यंत्र) अजिबात नको, 121 अंशांवर सगळं वितळून सपाट होतं. 70 टक्के इथेनॉल वापरा, नंतर निर्जंतुक बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवा.

या दाण्यांना माझ्याकडून 5 पैकी 4 गुण. एक गुण कापला तो पाण्याशी न जुळणाऱ्या पृष्ठभागासाठी: सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया केल्याशिवाय पेशी नीट चिकटत नाहीत. विघटनालाही 2-3 वर्षं लागतात. आणि भार पेलणाऱ्या हाडाला हा स्कॅफोल्ड एकटा पुरत नाही, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियमचं संयुग) मिसळलं तरी. विक्रेत्याकडून बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मिळत नसेल, तर पेशींवरच्या प्रयोगासाठी तो डबा घेऊ नका.